मधली कोरी जागा

आमच्या शहरातल्या क्रांती चौकाच्या उड्डाणपुलावरून जालना रोडच्या गाड्या सुसाट निघून जातात. शेजारून कोण गेलं याचं कुणाला सोयरसुतक नसतं. पुलाखाली, महाराजांच्या पुतळ्याभोवती, रिक्षा आणि दुचाक्या एकमेकींना खेटून सरकतात. एकीने ब्रेक दाबला की सगळ्या थबकतात. दीर्घिकांचं तसंच आहे. मोठ्या समूहात त्या सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने धावतात. जवळून गेल्या तरी गुरुत्वाकर्षणाला त्यांना धरून ठेवायला उसंत मिळत नाही. चार-पाच जणींच्या गटात हा वेग शे-दोनशेच. तिथे ओढ पुरी पडते. फिरता फिरता दीर्घिका आपली गती भोवतीच्या कृष्णद्रव्याला देत जाते आणि फेरीगणिक आत सरकते.

मी दुर्बिणीतून दीर्घिका पाहतो आणि पेन्सिलीने उतरवतो. चौकातल्या दिव्यांत त्या दिसत नाहीत, म्हणून फाल्गुनातल्या अमावस्येला म्हैसमाळचं पठार गाठायचं. सप्तर्षींच्या डोक्यापलीकडे एम ८१ आणि एम ८२ ही जोडी आहे, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. आठ इंची दुर्बिणीत दोघी एकाच वर्तुळात मावतात. एक लंबगोल, काचेवर सोडलेल्या श्वासासारखी. दुसरी विडीएवढी बारीक, मधोमध चिरलेली. रोखून पाहिलं की विरतात, नजर जरा बाजूला नेली की उमटतात. लाल बॅटरीच्या उजेडात शिसं बोटाने पसरायचं, कडेला रेघ म्हणून मारायची नाही. एवढा हात बसायला तीन हिवाळे गेले.

त्या तीनही हिवाळ्यांत दोघींमधली जागा मी खोडरबरने स्वच्छ करत होतो. बोटाचा एक डागही राहू देत नव्हतो. मग १९९४ साली प्रसिद्ध झालेला नकाशा पाहण्यात आला, २१ सेंटीमीटर तरंगलांबीवर टिपलेल्या हायड्रोजनचा. मी जिथे खोडत होतो तिथेच वायूच्या लांबलचक पट्ट्या होत्या, एनजीसी ३०७७ या तिसऱ्या दीर्घिकेपर्यंत पसरलेल्या. वीस-तीस कोटी वर्षांपूर्वी या दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या, तेव्हाची ही ओढाताण. त्यातूनच एम ८२ च्या गाभ्यात वायू लोटला गेला आणि आजही तिथे तारे धडाक्याने जन्मताहेत. आपल्या नारायणगावजवळ, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अशा अदृश्य वायूचाही माग काढतात. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात तेव्हाही तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, त्यांच्यात अंतरंच तेवढी असतात. विलीन होण्याची पहिली खूण पुष्कळदा मधल्या वायूत सापडते.

देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवरून आपल्या दीर्घिकेकडे येते आहे, सेकंदाला ११० किलोमीटरने. टक्कर अटळ, असं मी मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं. २०२५ च्या एका अभ्यासात पुढच्या हजार कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता जेमतेम निम्मी निघाली. आता तसंच सांगतो.

यंदाच्या चित्रात मधली जागा खोडलेली नाही. एनजीसी ३०७७ त्या वर्तुळाबाहेर राहते. तिच्यासाठी शेजारी दुसरा कागद जोडून घेतला आहे.