दोन सीड्यांमधला समुद्र

हनुमान समुद्राच्या काठावर येऊन उभा राहायचा आणि आमची पहिली सीडी संपायची.

पडदा निळा व्हायचा. दादा उठून प्लेअरचा ट्रे उघडायचा, पहिली काढायचा, दुसरी कागदी पाकिटातून अलगद बाहेर घ्यायचा. आजी घरातलाच कापूस बोटांनी पिंजून तयार ठेवायची. सीडी गोल फिरवून पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची, हे आम्हाला दुकानदारानं सांगितलं होतं. आजीनं ते एकदा ऐकलं आणि नंतर कधी चुकली नाही. कपाशीच्या घरात कापसाला काय तोटा! एवढं सगळं होईस्तोवर तिकडं हनुमान थांबलेलाच असे.

2003 साल, मी सातवीत. चिखली तालुक्यातलं आमचं गाव घाटावरचं. बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपल्या गावाचं नाव सांगण्याआधी घाटावरचा की घाटाखालचा ते सांगतो, म्हणून मीही सांगितलं. बाबांनी खामगावच्या बाजारातून तो सिनेमा आणला होता: ‘रामायण’, जपान्यांनी काढलेलं. मूळ सिनेमा 135 मिनिटांचा आणि एका व्हीसीडीवर जेमतेम 74 मिनिटं मावायची, त्यामुळं रामकथेचे दोन तुकडे होणं भाग होतं. ते कुठं करायचे हे कुणी ठरवलं कोण जाणे. आमच्या कॉपीत तो काप बरोबर समुद्राच्या काठावर पडला होता.

त्याआधी आमच्यासाठी चित्रपट, मालिका म्हणजे हातातून निसटणारी गोष्ट. मोगली मला दादाच्या तोंडूनच जास्त माहीत. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि त्याच वेळी लाईट गेली की तो भाग गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी शाळेत, ज्याच्या गावात लाईट होती त्यानं सांगायचा. सीडी आली आणि पहिल्यांदाच एक गोष्ट आमच्या मालकीची झाली. पाहिजे तेव्हा पाहा, पाहिजे तितक्यांदा पाहा.

तरी लाईट होतीच जायला. लोडशेडिंगची वेळ आठवड्याला बदलायची. आमचा प्लेअर लाईट गेली की सगळं विसरायचा, परत आली की पहिल्या चित्रापासून सुरू. पुढं पळवावी तर चरे पडलेली सीडी अटकायची. म्हणून आम्ही विश्वामित्र अयोध्येला येतात तो भाग किती वेळा पाहिला याला गणती नाही, आणि रावण पडताना पाहिला तो मोजून पाच-सहा वेळा. अजूनही मला त्या सिनेमाची सुरुवात श्वासासारखी पाठ आहे आणि शेवट पाहुण्यासारखा वाटतो.

आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तिला रंग दिसायचे, आकार हलायचे, चेहरे लागत नसत. पहिल्याच दिवशी राम बोलला आणि ती सावरून बसली. डोक्यावरचा पदर नीट केला. “हा तं आपलाच राम हाय,” म्हणाली. हिंदी आवाज अरुण गोविल यांचा होता. 1987 मध्ये सबंध गाव एका अंगणात बसून ज्याला पाहायचं, तो राम तिनं आवाजावरून ओळखला. चित्र जपानी असो की कुठलंही, तिच्यासाठी शंका तिथंच मिटली. रावणाला अमरीश पुरी होते. तो बोलू लागला की ती तोंड फिरवायची.

युगो साको हे त्या सिनेमामागचे जपानी गृहस्थ 1983 मध्ये रामायणाशी निगडित उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले होते, आणि ती कथा त्यांच्या मनात रुजली, हे मला फार पुढं कळलं. सोबत राम मोहन होते, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले. धोतर कसं नेसतात, नमस्काराला हात कुठवर येतात, हे भारतीय चित्रकारांनी जपानी चित्रकारांना समजावून सांगायचं आणि त्यांनी ते कागदावर उतरवायचं. सुमारे साडेचारशे कलाकार, एक लाखाच्या आसपास हातानं काढलेली चित्रं. लाख हा आकडा मी शेताच्या हिशेबानं समजून घेते: एका माणसानं बोंडं वेचावीत तशी एकेक करून.

पण मला सांगायचंय ते निळ्या पडद्याबद्दल.

सीडी बदलेपर्यंतचा तो वेळ आजीचा होता. आम्ही घाई करायचो आणि ती म्हणायची, “काहून घाई करता? थांबा, त्याले आठवू द्या.” हनुमानाला आपल्या बळाचा विसर पडलेला असतो, जांबवंत त्याला आठवण करून देतो, मगच तो वाढू लागतो, हे सगळं ती त्या वेळात बसवायची. तिचा हनुमान नांदुऱ्याचा होता. जळगाव जामोदला मावशीकडं जाताना आम्ही महामार्गालगतची ती 105 फुटांची मूर्ती पाहिली होती. आजी म्हणायची, तेवढा झाला, मग त्याच्या दुप्पट झाला. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. मग ती लोणारचं सरोवर काढायची. कडेपासून कडेपर्यंत पावणेदोन किलोमीटरहून जास्त, आणि पाणी खारं. “असे शंभर तळे एकाले एक लावा.” सहलीत बोट बुडवून आम्ही ते पाणी जिभेला लावलं होतं, त्यामुळं समुद्राची चव तरी आम्हाला ठाऊक होती.

कधी नेमकी तेव्हाच लाईट जायची. मग अंधारात ती उडी तासभर चालायची.

24 जानेवारी 2025 रोजी तो सिनेमा भारतात पुन्हा थिएटरला लागला, 4के करून. मी पुण्यात पाहिला. आमच्या व्हीसीडीवर रात्रीच्या प्रसंगात काळे चौकोन थरथरायचे, तिथं इथं झाडाझाडावर ब्रशचा हात दिसत होता. मी डोळे भरून पाहत होते. समुद्राचा काठ आला तसे माझे हात खुर्चीवर आवळले गेले. आणि हनुमान सरळ उडाला. मध्ये काहीच नाही. दोन सीड्यांच्या कापात हरवलेले ते क्षण मी बावीस वर्षांनी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते सुंदर होते, आणि माझे नव्हते. पुढची दहा मिनिटं काय झालं मला आठवत नाही.

आजीला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

त्याच वर्षी दिवाळीत गावी गेले. सीड्या कोठीतल्या स्टीलच्या डब्यात होत्या, तिच्या जपमाळेशेजारी. प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. मी लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडला, भाच्याला शेजारी घेतलं. पहिली सीडी दोनदा अटकली, पण चालली. मोठ्या पडद्याची सवय असलेल्या त्या पोराला एवढंसं धूसर चित्र आवडेल का, या काळजीत मी निम्मा सिनेमा त्याच्याच तोंडाकडं पाहिला. तो विश्वामित्रांपासून गप्प होता.

काठ आला. पडदा काळा झाला.

दुसरी सीडी टाकली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, परत घरघरला.

“आत्या, लागत नाही का?”

मी बाहेर काढून ओढणीनं पुसायला घेतली. स्वयंपाकघरात आई करंज्या तळत होती, पाठमोरी. त्या सगळ्या वर्षांत ती अशीच चुलीपाशी पाठमोरी असायची. एक प्रसंगही तिनं आमच्यात बसून पाहिलेला मला आठवत नाही. तिनं झारा कढईच्या काठावर टेकवला.

“कापूस घे, तिथं देवाजवळ हाय,” ती म्हणाली. आणि मग वळून न पाहता, नातवाला: “थांब रे राजा. त्याले आठवू दे.”