सर्व्हर रिकामा आहे, असं म्हणण्याआधी

जुना सर्व्हर बंद करायचं काम माझ्याकडे आलं. हँडओव्हर देणारा म्हणाला, "डॉकर बघितलंय, काही चालत नाहीये." तरीही बंद करण्याआधी मी 'पीएस' कमांड देऊन सगळ्या प्रोसेस बघितल्या. मशीनचा स्वतःचा इनिट (सिस्टमची पहिली प्रोसेस) होताच, पण त्याशिवाय आणखी दोन दिसले: एकाचा युजर आयडी 100000, दुसऱ्याचा 165536.

डॉकरच्या कंटेनरमध्ये सहसा एकच ॲप्लिकेशन चालतं. सिस्टम कंटेनर म्हणजे जवळपास पूर्ण लिनक्स. इनिट, लॉग, सर्व्हिसेस सगळं त्याचं स्वतःचं, फक्त कर्नल यजमान मशीनचा. म्हणजे जास्तीचे इनिट दिसले की आत अख्ख्या सिस्टम चालू असण्याची शक्यता मोठी.

सर्व्हरवर असे सिस्टम कंटेनर चालवणारं एलएक्ससी हे टूल होतं. सुडो लावून 'एलएक्ससी-एलएस डॅश एफ' चालवलं, तर एकही कंटेनर दिसला नाही. कारण ही कमांड ज्या युजरने चालवली त्याचेच कंटेनर दाखवते. सुडोने रूटचे दिसतात. साध्या युजरने बनवलेले त्याच्या होम डिरेक्टरीत असतात, ते या यादीत येतच नाहीत.

त्या दोन इनिटचे मालक सापडले एटसीमधल्या सबयूआयडी फाइलमध्ये. डेबियन आणि उबुंटूवर नव्या युजरला 65536 आयडींचा पट्टा मिळतो. पहिल्याचा 100000 पासून, पुढच्याचा 165536 पासून. फाइलमध्ये दोन नावं होती. त्या-त्या युजर म्हणून लॉगिन करून, सुडो न लावता, तीच कमांड दिली आणि टेबल भरून आलं: नाव, आयपी, स्टेट 'रनिंग', ऑटोस्टार्टखाली शून्य. एकात पोस्टग्रेसचा डेटाबेस चालू होता. मशीन नुसतं रीस्टार्ट केलं असतं, तरी तो आपणहून उठला नसता.

एलएक्सडी या दुसऱ्या टूलची यादी आणखी वेगळी. तिथे 'एलएक्ससी लिस्ट' द्यावं लागतं, आणि 2023 मध्ये त्यातून फुटून निघालेल्या इन्कसवर 'इन्कस लिस्ट'. दोन्हीकडे सध्या निवडलेल्या प्रोजेक्टपुरतंच दिसतं. बाकीच्यांसाठी 'ऑल-प्रोजेक्ट्स' हा पर्याय जोडावा लागतो.

म्हणून आमच्या हँडओव्हरच्या कागदावर मी एक रकाना वाढवून घेतला: यादी कोणत्या टूलने आणि कोणत्या युजरने काढली. तो भरलेला नसेल, तर सर्व्हर रिकामा आहे असं मी धरत नाही. आत कुणाचा तरी डेटा असतो, आणि तो जपणं हेच आपलं काम आहे.