डावीकडची केबिन

बँकेत चोवीस वर्षं क्लार्की केल्यावर माणसाला दोन गोष्टी उत्तम जमायला लागतात. एक म्हणजे मान वर न करता 'पुढच्या काउंटरला विचारा' असं म्हणणं, आणि दुसरी म्हणजे कुठल्याही छापील कागदावरचा सर्वांत बारीक मजकूर सर्वांत आधी वाचणं. पहिलीचा घरात काही उपयोग नाही. मी एकदा करून पाहिला होता. त्या रात्री मी हॉटेलात जेवलो. दुसरीमुळे मात्र घरातलं एकूण एक छापील बालंट माझ्या अंगावर येतं. मिक्सरची गॅरंटी, सोसायटीचं पत्र, विम्याचा कागद, सगळं माझ्यापुढे येऊन पडतं. तेव्हा आईला पंचाहत्तरावं लागलं आणि 'या वेळी सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचं' असा ठराव झाला, तेव्हा 'क्रूझ कुठली ते दादा बघेल' हे उपकलम त्याला आपोआपच जोडलं गेलं.

ठराव मांडला धाकट्या भावानं. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे, त्यामुळे त्याला पैशाचं भय नाही आणि वेळेचं भान नाही. सगळे म्हणजे अकरा माणसं. आई, आत्या, माझे सासू-सासरे, मी, सौ., कॉलेजातली मुलगी आणि आठवीतले चिरंजीव. भाऊ, त्याची बायको आणि त्यांचं तीन वर्षांचं कन्यारत्न. वय वर्षं तीन ते वय वर्षं एकोणऐंशी. एवढ्या माणसांना एकाच वेळी आवडेल अशी जगात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फुकट मिळालेली कुठलीही गोष्ट. क्रूझ त्यात बसत नाही.

प्रत्येकानं आपापली मागणी नोंदवली. चिरंजिवांना जहाजावर घसरगुंडीवाला पोहण्याचा तलाव हवा होता. मुलीला वाय-फाय हवं होतं. समुद्र नसला तरी तिची हरकत नव्हती. सासरेबुवांना मधुमेह आहे, त्यांना ठोक्याला सात वाजता रात्रीचं जेवण हवं होतं. सासूबाईंना सोमवार नको होता, चतुर्थी नको होती आणि पितृपक्ष तर नकोच नको. सौ.ला स्वयंपाक करायचा नव्हता. ही सर्वांत साधी मागणी, आणि तिच्यासाठी एवढं मोठं जहाज लागावं हे आमच्या घराचं दुर्दैव. आईनं काहीच मागितलं नाही. ती वाटाणे सोलत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "बोटीनंच जायचं ना? मग चालेल." आम्ही सगळे क्रूझ म्हणत होतो, सासरे क्रूस म्हणत होते आणि आई शेवटपर्यंत बोटच म्हणत होती.

मग मी माहितीपत्रकं आणली. आमच्या बँकेच्या कर्जाच्या फॉर्मबद्दल लोक वाटेल ते बोलतात, पण क्रूझचं माहितीपत्रक वाचल्यावर मला आमच्या फॉर्मबद्दल प्रथमच जिव्हाळा वाटला. भाडं दिलेलं असतं ते माणशी. माणशी म्हणजे केबिनमध्ये दोन माणसं आहेत असं धरून माणशी. एकटाच माणूस गेला तर बऱ्याच ठिकाणी त्यानं जवळजवळ दोघांचं भाडं भरायचं, म्हणजे जो आलेला नाही त्याचंही. विधवा बाईला हा हिशेब समजावून सांगायचं माझ्या अंगात बळ नव्हतं. उलट त्याच केबिनमध्ये तिसरा आणि चौथा माणूस घातला तर त्यांचं भाडं कमी, कारण त्यांनी भिंतीतून बाहेर येणाऱ्या फळीवर झोपायचं. या भाड्यावर बंदराचे आकार, त्यावर जीएसटी, आणि त्यावर तिथल्या नोकरवर्गाची बक्षिशी, तीही पुष्कळदा आगाऊच. हे सगळं झाल्यावर वर ठळक अक्षरांत 'सर्वसमावेशक'. त्यात जेवण समाविष्ट, पेयं नाहीत. तलाव समाविष्ट, वाय-फाय नाही. सासऱ्यांनी विचारलं, "पेय म्हणजे ताक का?" मी हो म्हणालो. काही गोष्टी लोकांना जहाजावर गेल्यावर कळलेल्या बऱ्या.

भावाचं मत भूमध्य समुद्राला होतं, सौ.चं सिंगापूरला. दोन्हींकडे विमान आलं, व्हिसा आला आणि त्याआधी पासपोर्ट आला. आईकडे पासपोर्ट नाही. "मला कशाला पासपोर्ट? मी काय पळून जातेय?" असं म्हणून तिनं दोन्ही समुद्र एका वाक्यात निकालात काढले. राहिल्या मुंबईहून सुटणाऱ्या बोटी. तिथे आधार कार्ड चालतं. एक गोव्याला जाऊन परत येणारी आणि एक लक्षद्वीपला जाणारी. लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, दूर उभं राहतं आणि माणसांना छोट्या होडीतून नेतात. आईच्या गुडघ्यांचं काय, असं मी म्हणालो, तर ती वाटाण्यातून मान वर न करता म्हणाली, "जन्मभर पडावातून बोटीत चढलेली बाई आहे मी." तरी खर्चाचा आकडा बघून मी गुडघ्यांच्या बाजूनं मत दिलं. गोवा ठरलं. एल.एफ.सी.त हे भाडं बसतं का हे विचारायला साहेबांकडे गेलो, तेव्हा त्यांनी परिपत्रकांची फाईल काढली. ते अजून बघतच आहेत.

खरा पेच केबिनचा. अकरा माणसं, चार केबिन. आम्ही चौघं एकीत, भावाचं बिऱ्हाड एकीत, सासू-सासरे एकीत. बाकी उरल्या आई आणि आत्या. या नणंद-भावजयींनी पन्नासहून जास्त वर्षांत एकमेकींची एक गोष्ट म्हणून मान्य केलेली नाही. आमटीत गूळ आधी की चिंच आधी यावरून त्यांचं जे फाटलं आहे, ते माझ्या जन्माच्या आधीचं आहे. शिवाय आत्या यायला तयारच नव्हती. ती पाण्याला भिते. त्याचं कारण १७ जुलै १९४७. त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आत्या तेव्हा तान्ही होती, पण तिचे एक काका त्या बोटीवर जायचे होते आणि धक्क्यावर पोचायला उशीर झाल्यामुळे राहिले. ही हकिगत आत्या अशी सांगते, की जणू तीच त्यांचा हात धरून धक्क्यावर उभी होती. बोट चुकलेल्यांच्या अशा गोष्टी कोकणातल्या घराघरात ऐकायला मिळतात. न चुकलेल्यांच्या कुणी सांगत नाही.

मी आत्याला समजावलं, की आता तसं नसतं. टायटॅनिकनंतर सगळ्या देशांनी मिळून नियम केले आहेत, प्रत्येकाला लाइफ जॅकेट असतं, जहाज सुटतानाच सगळ्यांना बोलावून संकटात कुठे जमायचं ते दाखवतात. आत्या म्हणाली, "म्हणजे संकट येणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं." यावर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही.

केबिनचे तीन प्रकार. बिनखिडकीची, खिडकीची आणि बाल्कनीची. बिनखिडकीची सर्वांत स्वस्त. आमच्या डोंबिवलीच्या जागेत काही वर्षं काढलेल्या माणसाला तिच्यात मुळीच परकं वाटणार नाही. मी चारी केबिन तशाच घ्यायच्या ठरवल्या आणि वहीत तसं लिहून टाकलं. तेवढ्यात आईनं या सबंध प्रकरणातला पहिला प्रश्न विचारला.

"वेंगुर्ल्याचा दिवा कुठच्या बाजूला दिसेल रे?"

माहितीपत्रकात कॅसिनो होता, जादूचे प्रयोग होते, जैन जेवण होतं. वेंगुर्ल्याचा दिवा नव्हता. मी म्हणालो, बोट रात्री जाते आई, काही दिसायचं नाही. ती म्हणाली, "दिवा रात्रीच लागतो."

दुसऱ्या दिवशी मी बुकिंगवाल्या मुलाला विचारलं, की जाताना किनारा डावीकडे राहणार, तर एक खिडकीवाली केबिन डावीकडची मिळेल का? तो फार सभ्य मुलगा होता. तो म्हणाला, "सर, सी-व्ह्यू घ्या ना. सी दोन्हीकडे सेमच असतो." मग मीच शोधाशोध केली. बहुतेक जहाजांवर सम आकड्याच्या केबिन डावीकडे असतात आणि विषम उजवीकडे, पण काही कंपन्या नेमकं उलटं करतात. मधल्या भागातल्या आणि खालच्या मजल्यावरच्या केबिन कमी हलतात. आणि काही खिडक्या जरा स्वस्त मिळतात, कारण त्यांच्यासमोर लाइफबोट टांगलेली असते आणि समुद्राऐवजी तीच दिसते. हे मी घरी मोठ्यानं वाचलं मात्र, आत्या ताडकन म्हणाली, "ती खिडकी चालेल मला!" म्हणजे एकाच केबिनमध्ये एका म्हातारीला समोर दिवा हवा आणि दुसरीला समोर लाइफबोट. मी वही मिटली आणि 'कुठेच जायचं नाही' असं जाहीर केलं.

त्या रात्री मी गॅलरीत बसलो होतो, तर आत्या आली. ती एरवी माझ्याशी बोलते ती माझं वजन वाढलं आहे हे सांगायला. त्या दिवशी हळू आवाजात म्हणाली, "डावीकडची घे. बोटवाली खिडकी नको. मोकळी घे."

"पण तू म्हणालीस..."

"मी काय, म्हणतेच. तुला ठाऊक नाही. तुझी आई लग्न होऊन आली ती मेमधल्या शेवटच्या बोटीनं. बाहत्तर साल. वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागायची नाही. तिचे वडील पडावातून आले होते पोचवायला, बोटीच्या शिडीपर्यंत. ही वर चढली, ते खाली पडावात उभे राहिले. मग पावसाळा लागला, बोटी बंद. आषाढात तार आली. एस.टी.नं पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर मुलंबाळं, मग बोटीच गेल्या, आणि पुढे तुमची ती रेल्वे आली. ती वेंगुर्ल्याला गेली पुष्कळदा, पण समुद्राकडून पुन्हा कधी पाहिलं नाही तिनं."

मी गप्प बसलो. शेहेचाळीस वर्षांत ही गोष्ट मला आईनं सांगितली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा. पुढच्या काउंटरला विचारा.

"तू येतेस?" मी म्हणालो.

"मग? पहाटे डेकवर तिचा तोल गेला तर धरणार कोण? तुम्ही सगळे घोरत असणार."

झालं. मी एक मुदतठेव मुदतीपूर्वी मोडली, दंडाचं व्याज सोसलं, आणि एक मोकळ्या खिडकीची, मधल्या भागातली, डावीकडची केबिन घेतली. ती डावीकडचीच आहे हे तीन वेळा फोन करून लेखी मागवलं. उरलेल्या तिन्ही बिनखिडकीच्या. आकडेमोडही केली. मुंबई ते गोवा साधारण सव्वादोनशे सागरी मैल, सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. बोट संध्याकाळी सहाला सुटली आणि ताशी सोळाच्या वेगानं गेली, तर पहाटे साडेपाचच्या सुमाराला वेंगुर्ल्याच्या समोर. भावानं हे मोबाइलवर करून बघितलं आणि उत्तर जुळल्यावर त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

नोव्हेंबरात आम्ही गेलो. प्रवासाचं फार सांगत नाही. सासरेबुवा पावणेसातलाच जेवणघराच्या दाराशी उभे होते. चिरंजीव तलावातून फक्त जेवायला बाहेर आले. लाइफ जॅकेटच्या कवायतीत आत्या पहिल्या रांगेत उभी राहिली आणि तिनं त्या गणवेशातल्या मुलाला तीन शंका विचारल्या. दोनांची उत्तरं त्याला आली.

पहाटे पाचला दारावर थाप पडली. दोघी तयार. खिडकीतून नको, वर मोकळ्यावर जाऊ म्हणाल्या. म्हणजे खिडकीचे जादा पैसे पाण्यात, आणि तेही अक्षरशः. डेकवर वारा मरणाचा. आई कानाला स्कार्फ बांधून कठड्याला धरून उभी, आणि आत्या तिच्या शालीचं टोक मुठीत घट्ट धरून, समुद्राकडे पाठ करून. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. दूर मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे होते, पुष्कळ होते. मग त्यांच्याही पलीकडे, अगदी पाण्याच्या कडेला, एक बारीकसा उजेड उमटला आणि गेला. पुन्हा उमटला आणि गेला.

"तोच तो," आई म्हणाली. "वेंगुर्ल्याचो दिवो." मुंबईत पन्नास वर्षं राहून तिची भाषा आमच्यासारखी झाली आहे, पण हे ती असंच म्हणाली. आणि मग, "किती लांबून चालली रे बोट. पूर्वी थांबायची."

आत्यानं मान वळवून पाहिलं. "मला नाही दिसत," ती म्हणाली, पण शाल सोडली नाही.

तो दिवा वेंगुर्ल्याचाच होता का, हे मी कुणाला विचारलं नाही. एखाद्या लाटेवर हलणाऱ्या होडीचाही असू शकेल. आई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली, मग म्हणाली, "चला, चहा कुठे मिळतो बघा." चोवीस वर्षांच्या नोकरीत व्हाउचर न बघता पास केलेली माझी ही एकुलती एक नोंद. चहा समाविष्ट होता.