नाताळची पेरणी

आमच्या घरी नाताळची सुरुवात डिसेंबरात होत नसे, भाताच्या झोडणीला होई. खळ्यावर भात झोडून झालं, की आजी पेंढ्याच्या ढिगातून एक पेंढी निवडून बाजूला काढायची. लांब, सरळ काड्यांची, पावसाचा थेंबही न लागलेली, सोनेरी. ती पेंढी माळ्यावर जायची. पुढे गुरांना चारा कमी पडला तरी तिला कुणी हात लावायचा नाही. "ही गोठ्याची," आजी म्हणायची. तेवढ्यावर सगळ्यांना कळायचं. नाताळला तेव्हा चांगला दीड महिना असायचा.

वसईच्या पश्चिमेला, नंदाखालच्या परिसरात आमचं गाव. भात, केळी, पानवेली आणि विहिरींचा मुलूख. १५३४ ते १७३९ अशी दोनशेहून अधिक वर्षं इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. नाताळ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला आणि मराठीत इतका मुरला, की तो परका आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. शब्द समुद्रावरून आला, पण सण मात्र आम्ही आमच्या शेतातल्या वस्तूंनी मांडला.

दुसरी तयारी दिवाळीत व्हायची. शेजारचे काका दरवर्षी घरीच आकाशकंदील करायचे. त्यांच्या उरलेल्या कामट्या काकू आठवणीने आमच्या ओटीवर आणून ठेवायच्या. त्या कामट्यांची बाबा नाताळची चांदणी बांधायचे. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या, एकावर एक ठेवून पाचही टोकं सुताने आवळायची. मग मधल्या पाच सांध्यांत बोटभर लांबीच्या खुंट्या अडकवायच्या. शेवटची खुंटी बसली, की हातातली सपाट चांदणी एकदम फुगून उभी राहायची. तो क्षण बघायला आम्ही भावंडं जेवण टाकून धावत यायचो. खळ मैद्याची, आणि तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. पतंगाचा कागद पांढरा आणि लाल. चांदणी तयार झाली तरी लगेच टांगायची नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत ती कपाटावर थांबायची. थांबायला शिकणं हाही आमच्या घरात नाताळच्या तयारीचाच भाग होता.

पण माझा जीव गुंतलेला असायचा तिसऱ्या तयारीत. आजीकडे एनॅमलचं एक पांढरं ताट होतं, निळ्या काठाचं. एका बाजूला टवका उडालेला, त्यातून खालचं काळं लोखंड दिसायचं. वर्षभर ते ताट फडताळात उपडं पडून राहायचं. डिसेंबरात आजी ते काढायची, राखेने घासायची आणि त्यात गहू पेरायची. बाळयेशूच्या गव्हाणीभोवती बेथलेहेमचं शेत हवं आणि ते खरं हवं, हा तिचा आग्रह.

११ तारखेच्या रात्री मूठभर गहू भिजत पडायचे. १२ला ते ओल्या फडक्यात बांधून चुलीपासून हातभर अंतरावर टांगलेले असायचे. १३ला संध्याकाळी दाण्यांच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला, की पेरणी. ताटाला भोक नाही, पाणी साचलं तर दाणा कुजेल, म्हणून तळाशी विटेची भुकटी. वर चाळलेली माती आणि शेणखत. त्यावर दाणे असे पसरायचे, की शेजारी शेजारी येतील पण एकमेकांवर चढणार नाहीत. तीन दिवस ओलं फडकं पांघरून. चौथ्या दिवशी ताट खिडकीत.

तिथून पुढचं काम माझं. बोटांनी पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. आणि रोज सकाळी ताट अर्धं फिरवायचं. न फिरवलं तर गहू उजेडाकडे झुकतो आणि सगळं शेत एका अंगाला पडल्यासारखं दिसतं. शाळेत जाण्याआधी मी ताट फिरवायची आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या खिडकीशी पळायची. सकाळी बाहेर वाकलेली पाती संध्याकाळपर्यंत सरळ झालेली असायची. तळहात वरून हलकेच फिरवला, की ती थंडगार, ओली टोकं तळव्याला टोचायची. नाताळ म्हटलं की आजही मला आधी आठवतो तो स्पर्श. मिस्सा, केक, नवे कपडे, सगळं त्याच्यामागून येतं.

काकू हे शेत पाहायला हमखास येत. त्यांच्याकडे आश्विनात घट बसायचे, परडीतल्या मातीत धान्य पेरलेलं असायचं आणि दसऱ्याला काका त्याचे पिवळसर तुरे टोपीत खोचून आमच्याकडे यायचे. काकू ताटाजवळ वाकून म्हणायच्या, "यंदा छान उगवलंय हो." दोन बायका दोन सणांच्या पेरणीबद्दल बोलत बसायच्या. दोघींची भाषा एकच होती.

गव्हाण म्हणजे गव्हाचं काहीतरी, असा माझा लहानपणी समज होता. गहू पेरलेल्या ताटामध्येच तर ती ठेवायची! गव्हाण म्हणजे गुरांनी ज्यात तोंड घालून वैरण खायची ती, हे आजीने मला आमच्याच गोठ्यात नेऊन दाखवलं. पुढे कळलं, की बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचं घर' असा आहे. भाकरीच्या गावात जन्मलेलं बाळ वैरणीच्या जागी निजलं. गव्हाचं ते छोटं शेत तिथे किती योग्य होतं, हे मला तेव्हा उमगलं. आजीला हिब्रू येत नव्हतं. तिला शेती येत होती.

बाकीचा गोठा आम्ही मुलं करायचो. सिमेंटच्या पिशवीचा जाड कागद चुरगाळून, चुना आणि काव फासून त्याचे डोंगर. फुटक्या आरशाचं तळं. माळ्यावरून उतरवलेल्या पेंढीचं छप्पर. छपरातून उरलेल्या काड्या आजी एका डब्यात भरून रिकाम्या गव्हाणीशेजारी ठेवायची. दिवसभरात एखादं चांगलं काम केलं, तर एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळाचं अंथरूण असं काडीकाडीने मऊ करायचं. नियम एकच होता. काम कोणतं ते कुणाला सांगायचं नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या दिवशी मी काहीच चांगलं केलं नव्हतं, उलट धाकट्या भावाला मारलं होतं. तरीही त्याला काडी टाकताना पाहिलं आणि मीही टाकली. आजी बघत होती, पण काही बोलली नाही. रात्री झोप येईना. त्या एका काडीचं ओझं छातीवर बसल्यासारखं झालं होतं. पहाटे उठले, कळशी घेतली आणि काकूंच्या दाराशी पाण्याच्या दोन खेपा भरून ठेवल्या. त्यांचे गुडघे तेव्हा दुखत असत. परत आले तर आजी चुलीशी होती. तिने माझ्या ओल्या परकराकडे पाहिलं. "बसली काडी नीट?" एवढंच विचारलं. चांगुलपणा आधी उसना घेता येतो, पण तो फेडावा लागतो, हे मी त्या पहाटे शिकले.

२४च्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामीच असायची. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी आलो, की सगळ्यांत लहान मूल बाळयेशूला काड्यांवर निजवायचं. पूर्वेकडून बाळाला भेटायला येणारे तीन ज्ञानी, म्हणजे मागी, मात्र तेव्हा अजून लांब, पार कपाटाच्या टोकाला असायचे. रोज वीतभर पुढे सरकत ते ६ जानेवारीला गोठ्याशी पोचायचे. पेरणीपासून नाताळपर्यंत बारा रात्री आणि नाताळपासून मागींपर्यंत बारा. ७ला गोठा उतरवून आजी तो गहू मुळासकट सोडवायची आणि आमच्या गाईपुढे टाकायची. "गव्हाणीतलं गव्हाणीत," म्हणायची.

लग्न होऊन मी मुंबईला आले. एका खोलीचा संसार, लोकलचा प्रवास, नोकरी. दुसऱ्या वर्षी पेरायला १९ डिसेंबर उजाडला. उशीर भरून काढायला मी सगळं केलं. गरम पाण्यात दाणे भिजवले, दिव्याखाली ठेवले, जरा जास्तच पाणी घातलं. २४ला ताटलीत बोटाच्या पेराएवढे पांढुरके कोंब होते आणि बुरशीचा वास. मी बाजारातून हिरवा रंगवलेला भुसा आणून पसरला. नाताळला आजी आली. गोठ्यासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "दाण्याला काय ठाऊक तुझं ऑफिस?" मला रडू फुटलं. तिने पाठीवर हात ठेवला. "उद्या पेर. मागी येईपर्यंत उगवेल."

आणि उगवलं. ६ जानेवारीला ताटलीत वीतभर हिरवं शेत होतं. लवकर तयारी करावी हे तिने मला लहानपणी शिकवलं होतं. उशीर झाला तरी पेरणं सोडू नये, हे त्या वर्षी.

पुढे काही वर्षं आम्ही बहारीनला होतो. नाताळला सुट्टी नसे. कामावरून थेट मनामाच्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये जायचं. डिसेंबरात एके दिवशी समोरच्या लेबनॉनच्या शेजारणीकडे गेले, तर खिडकीत ओल्या कापसावर गहू आणि मसूर उगवलेले! मी तिथेच थबकले. तिने सांगितलं, त्यांच्याकडे ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, धान्य पेरतात आणि नाताळला ते गोठ्यापाशी मांडतात. मग मी शोधत गेले. फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये त्याच दिवशी तीन बशांत गहू पेरतात. क्रोएशियात पेरतात ते १३ला, संत लुसीच्या सणाला. आजीची तारीख! ही माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत. पण थंडीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाताला दुसरं काय सुचणार?

आम्ही परतलो त्याच वर्षी नोव्हेंबरात आजी गेली. घरात दुखवटा. चांदणी बांधली नाही, कुलकुलांच्या गोड फराळावर रेघा पाडायला खास राखून ठेवलेला कंगवा डब्यातून निघाला नाही, शेजारी फराळाची ताटं गेली नाहीत. १३ डिसेंबरला संध्याकाळी मी गावी होते. स्वयंपाकघरात गेले तर आई निळ्या काठाचं ताट राखेने घासत होती. ओट्यावर फडक्यात बांधलेले गहू होते. ते दोन दिवसांपूर्वी कधी भिजत घातले, तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी शेजारी बसले आणि विटेची भुकटी चाळायला घेतली. दोघीही बोललो नाही. त्या वर्षी आमच्या घरात नाताळचं जे काही होतं, ते त्या ताटात होतं, आणि ते पुरेसं होतं.

ताट आता माझ्याकडे आहे. टवके तीन झालेत. गाव बदललंय. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. पण शेतांच्या जागी इमारती त्याच्या कितीतरी आधीपासून उभ्या राहत होत्या. आम्ही राहतो ती इमारतही एका भातशेतावर आहे. पेंढीसाठी मी दरवर्षी नोव्हेंबरात पूर्वेला, डोंगरालगतच्या गावात जाते. तिथे अजून भात झोडलं जातं. बाजारात तयार गोठे मिळतात, दिवे लागणारे, पाणी वाहणारे. ते सुंदर असतात. पण १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिस यांनी पहिला गोठा मांडला, त्यात पुतळे नव्हते. गवताने भरलेली गव्हाण होती, खरा बैल होता, खरं गाढव होतं. २०२३ साली त्या गोठ्याला ८०० वर्षं झाली, तेव्हा आमच्या घरात नातीने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गहू पेरले. ताट फिरवायचं काम आता तिचं.

सण विकत आणता येतो, मांडताही येतो. पण ज्याची वाट बघितली, ज्याला रोज बोटांनी पाणी दिलं, तोच सण आपला होतो. तो उगवावा लागतो, आणि उगवायला दिवस लागतात. म्हणून लवकर सुरुवात करायची.

गेल्या ७ जानेवारीला गोठा उतरवल्यावर गहू कुठे टाकायचा, हा प्रश्न होता. गाय आता जवळपास कुणाकडे नाही. नातीला घेऊन मी रिक्षाने एका तबेल्यात गेले. ओळीने म्हशी, त्यांच्यापुढे सिमेंटची लांब गव्हाण, काठ घासून घासून गुळगुळीत झालेला. तिने आमचं एवढंसं शेत एका म्हशीपुढे ठेवलं. दोन घासांत संपलं.

"आजी, गव्हाण म्हणजे ही?"

"ही."

तिने काठावरून हात फिरवला. गव्हाण गार होती, ओलसर होती, कडक होती. मग ती कोपऱ्यातल्या पेंढ्याच्या ढिगाशी गेली, बराच वेळ निवडत राहिली आणि एक लांब, सरळ, सोनेरी काडी काढून घेतली. परतताना रिक्षात ती मोडू नये म्हणून तिने दोन्ही हातांत आडवी धरली होती.

"ही कशाला गं?" मी विचारलं.

"गोठ्याची," ती म्हणाली.