खुंटाला धरलेले फळ

संत्र्याचे झाड पिवळे पडले की त्याला पाणी कमी पडले, हा समज वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि भारी काळ्या जमिनीतल्या बागांचे या समजाने जेवढे नुकसान केले, तेवढे किडींनीही केले नसेल. हे पिवळेपण बहुधा मूळकुजीचे असते; मूळकूज म्हणजे फायटोफ्थोरा या सूक्ष्मजीवामुळे अन्नपाणी शोषणाऱ्या तंतुमुळांची साल कुजणे. अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने 1876 मध्ये दिलेल्या फायटोफ्थोरा या नावाचा अर्थच 'वनस्पतिनाशक' असा होतो. हा जीव बुरशीसारखा दिसत असला तरी खरी बुरशी नव्हे. त्याचे चल बीजाणू, म्हणजे शेपटीसारख्या तंतूंच्या साहाय्याने पोहणारे बीजकण, पाण्यातून मुळांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे अशा झाडाला दिलेले जादा पाणी रोगालाच वाट करून देते.

प्रस्तुत लेखकाच्या घरच्या 3 एकरांच्या बागेत नेमके हेच झाले. पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागताच पाटाचे पाणी वाढवले गेले, युरिया टाकला गेला, आणि दोन हंगामांत पानगळ होऊन शेंडे वाळू लागले. अखेरीस एक आळे उकरून तंतुमूळ चिमटीत धरून ओढले, तेव्हा त्याची साल म्यानासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढा गाभा तेवढा उरला. बुंध्यावर मधाच्या रंगाचा डिंकही होता, ज्यावरून या रोगाला डिंक्या म्हणतात. पण हा डिंक पावसाने विरघळून जातो, म्हणजे ज्या दिवसांत रोगाचा जोर सर्वाधिक असतो त्याच दिवसांत त्याची खूण धुऊन निघते.

मात्र मनात आजही सलते ती गोष्ट वेगळीच आहे. ही कलमे रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या खालच्या रोपावर, बांधलेली आहेत असे रोपवाटिकेने सांगितले होते. रंगपूर हा खुंट या रोगाला जंबेरी या दुसऱ्या खुंटापेक्षा अधिक सहनशील मानला जातो, म्हणूनच त्याला जास्त दाम मोजले होते. एका झाडाचा संत्र्याचा भाग पूर्ण वाळला, पण खुंटाला फुटवा आला, आणि तो उगाच राखला गेला. तिसऱ्या वर्षी त्याला फळ धरले. रंगपूरचे फळ लहान, नारिंगी, संत्र्याच्याच वळणाचे असते. हे फळ मोठे, पिवळेधमक, खडबडीत सालीचे होते. तो जंबेरीच होता, आणि सात वर्षे ज्या विश्वासावर खते-पाणी दिले, तो विश्वास त्या एका फळाने खोटा ठरवला. रोपवाटिकेत पावती दाखवली, तर तिच्यावर खुंटाचे नावच लिहिलेले नव्हते. शेतकऱ्याला कलमाची निवड वरून पाने पाहून करावी लागते आणि खुंट कोणता हे विकणाराच जाणतो, असा हा व्यवहार आहे. पावतीवर खुंटाचे नाव आणि मातृवृक्षाची नोंद असल्याशिवाय कोणी कलम उचलू नये.

तरीही सारा दोष खुंटावर टाकणे न्याय्य नाही. डोळा, म्हणजे कलम बांधलेली जागा, जमिनीपासून निदान वीतभर, म्हणजे 20-22 सेंटिमीटर, वर असावा लागतो. येथे तो चार बोटांवर होता, आणि दरवर्षी बुंध्याला मातीची भर देऊन घरच्याच हातांनी तो गाडला. संत्र्याची कोवळी साल ओल्या मातीत राहिली, तर उत्तम खुंटही तिला वाचवू शकत नाही.

पुढे भर काढून डोळे उघडे केले, उताराला चर खोदले, आणि दुहेरी आळ्याची पद्धत घेतली, ज्यात बुंध्याभोवतीचे आतले आळे कोरडे राहून पाणी बाहेरच्या आळ्यात फिरते. पावसाळ्याआधी व नंतर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट बुंध्याला लावली जाते. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून तिच्यावर तांबूस थर चढला, तर चुना आणखी घालावा लागतो. शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा, ही रोगजंतूंना मारक असलेली उपयुक्त बुरशी, आळ्यात मिसळली जाते. अर्धी बाग सावरली.

जंबेरी लावूच नये, असे प्रस्तुत लेखक आजही सर्वांना सांगतो. परंतु बांधाच्या उंचवट्यावर, जेथे पाणी कधी साचले नाही, तेथे त्याच खेपेचे एक कलम उभे आहे, आणि बागेतला सर्वांत भरगच्च अंबिया बहार दरवर्षी त्यालाच येतो.