आराकावाच्या कांठीं

गेल्या वैशाखांत चिरंजिवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां तोक्योस महिनाभर राहून आलों. त्यांचें बिऱ्हाड निशिकासाई भागांत आहे. तेथें भारतीयांची वस्ती मोठी असल्यामुळें डाळ-तांदळाची अडचण पडत नाहीं. अडचण पडली ती भाषेची, आणि तीही घरांतच.

आमची तेरा वर्षांची नात जपानी शाळेंत जाते. मैत्रिणींशीं तिच्या बोलण्यांत मधूनच ओळखीचा इंग्रजी शब्द कानीं पडे, पण त्याचें शेपूट निराळेंच! विचारतां तिनें वहींत लिहून दाखविलें: चुकणें तें 'मिसुरु', अडचणींत येणें तें 'तोराबुरु', गुगलवर शोधणें तें 'गुगुरु'. मुळांत 'मिस', 'ट्रबल' आणि 'गुगल'. ही भाषेची विटंबनाच, असें आमच्या मनानें घेतलें. २०१३ सालीं तेथील एका ७१ वर्षांच्या गृहस्थानें, कार्यक्रमांतील परकीय शब्दांच्या भडिमारानें मनस्ताप होतो म्हणून राष्ट्रीय प्रसारण-संस्थेवर दावा लावला होता. पुढील वर्षीं नागोया येथील न्यायालयानें तो फेटाळला. त्या गृहस्थाविषयीं आम्हांस बंधुभाव वाटला.

परंतु वही पुन्हां पाहतां डोळे उघडले. 'रु' हा जपानी क्रियापदाचा अस्सल प्रत्यय. तो लागतांच परका शब्द तेथील क्रियापदांसारखा चालूं लागतो. 'गुगुरु'चें भूतकाळीं 'गुगुत्ता' होतें. हा तर आमच्या पाणिनीचा नामधातु! संस्कृतांत 'पुत्र' शब्दापासून 'पुत्रीयति', मराठींत 'लाथे'पासून 'लाथाडणें'. इंग्रजी शब्दापुढें 'करणें' जोडण्याची आमची रीत जपानींतही आहे. पण आम्ही बहुधा तेथेंच थांबतों.

यांतले पुष्कळ शब्द अल्पायुषी असतात. 'नाउ'ला विशेषणाचा 'इ' लावून केलेला 'नाउइ' १९८० च्या सुमारास तरुणांच्या तोंडीं होता. आज तो वापरणारा म्हातारा ठरतो.

एके सायंकाळीं आराकावा नदीच्या बांधावर बसलों होतों. पलीकडे शहरावर मावळतीचा रंग पसरला आणि नात उद्गारली, "एमोइ!" 'इमोशनल'ला तोच 'इ' जोडलेला.

"म्हणजे काय गं?"

"छान वाटतं, पण आंत कांहींतरी होतं, आजोबा. मराठींत काय म्हणतात याला?"

शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत गाणें ऐकून दुष्यंताचें जें होतें, तेंच हें. आम्हीं म्हटलें, "हुरहूर."

तिनें तो शब्द दोनदां उच्चारून पाहिला. आजवर तो तिच्या कानींच पडला नव्हता. जपानी मुलांनीं इंग्रजी शब्द उचलले म्हणून आम्ही महिनाभर कपाळाला आठ्या घालून होतों. आपला शब्द नातीला द्यावयाचा मात्र आमच्याकडूनच राहून गेला होता.