देवदूतांचा वांटा

सांठवण हा आमच्या वऱ्हाडांतील घरांचा जुना धर्म आहे. आमच्या बीबीसारख्या गांवीं घरोघर लिंबाच्या लोणच्याची एखादी बरणी तीन-तीन वर्षें जपून ठेवीत. आजारी माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून ती उघडावयाची. 'जुनें तें सोनें' ही म्हण आम्ही अशा बरण्यांवरूनच शिकलों. पण जुनेपणाची किंमत कशांत आहे, हा प्रश्न गेल्या दिवाळींत आमच्या घरांत एका निराळ्याच वस्तूनें उभा केला.

माझा पुतण्या अमेरिकेंत केंटकी संस्थानांत नोकरीस असतो. तो घरीं आला तेव्हां त्याच्या सामानांत बर्बन नांवाच्या तिकडील व्हिस्कीची एक बाटली होती. एकाच पिंपांत वीस वर्षें मुरलेली ती दुर्मिळ वस्तु आपल्या तान्ह्या मुलाच्या पंचविसाव्या वाढदिवशीं उघडावी आणि तोंवर आजोबांच्या शिसवी कपाटांत राहूं द्यावी, अशी त्याची इच्छा. पंचविशीचा हिशेब त्यानें महाराष्ट्राच्या कायद्यावरून केला होता; त्याहून लहान वयाच्या माणसास येथें असें मद्य घेतां येत नाहीं.

मद्याची स्तुति मला करावयाची नाहीं. पण त्याची कृति ऐकण्यासारखी आहे. बर्बनच्या धान्यांत निदान ५१ टक्के मका असावा, असा तेथील कायदा. म्हणजे आमच्या शिवारांत उभें असतें तेंच पीक! त्याचा अर्क आंतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या कोऱ्या पिंपांत भरतात. पिंप सुमारें २०० लिटरचें. रंग वरून घालावयाचा नाहीं; तो लाकडांतूनच येतो. उन्हाळ्यांत मद्य लाकडांत शिरतें, हिवाळ्यांत माघारें येतें, आणि या येरझाऱ्यांत दरसाल थोडें थोडें हवेंत उडून जातें. या घटीस तिकडे 'देवदूतांचा वांटा' म्हणतात. वीस वर्षांनीं पिंपांत निम्म्याहून कमी उरलें तरी कोणास नवल वाटत नाहीं. एरवीं अनेक पिंपें एकत्र करून चव सारखी करतात. १९८४ सालीं एल्मर ली या गृहस्थानें 'ब्लँटन्स' या नांवानें एकेका पिंपाचें मद्य वेगळें विकावयास काढलें, आणि पुढें अशा बाटल्यांचे संग्राहक वाढले. एकदां वापरलेलीं पिंपें बर्बनला चालत नाहींत. त्यांतलीं कांहीं गोव्याला येतात. तेथें 'पॉल जॉन' व्हिस्की त्यांत मुरते. पण गोव्याच्या उकाड्यांत देवदूत स्कॉटलंडपेक्षां कितीतरी पट अधिक वांटा घेतात.

मात्र मद्य काचेच्या बाटलींत भरलें कीं त्याचें मुरणें थांबतें. वीस वर्षांचें बर्बन कपाटांत आणखी पंचवीस वर्षें राहिलें म्हणून पंचेचाळीस वर्षांचें होत नाहीं. वाढते ती केवळ किंमत.

दादा, म्हणजे माझे वडील बंधु, हें सारें शांतपणें ऐकत होते. ते म्हणाले, "अरे, आपल्याकडे जेवणापूर्वीं गोग्रास निघतो. तुझ्या त्या पिंपानेंही वीस वर्षें दुसऱ्याचा वांटा काढला. मग जी कोणाच्याच वांट्याला यावयाची नाहीं, अशी बाटली कपाटांत ठेवून काय मिळणार?"

पुतण्या खालीं पाहत म्हणाला, "बाबा, बाळाला आजोबांच्या घरीं येण्याचें एक कारण असावें, एवढेंच. पंचवीस वर्षांनीं हें घर उघडें असेल कीं नाहीं, कोणास ठाऊक!"

कोणीच बोललें नाहीं. दादांनीं नुकतीच पंच्याहत्तरी ओलांडली आहे. मी त्यांच्या मागोमाग. बाटलीचा प्रश्न मद्याचा नव्हताच, हें तेव्हां आम्हां सर्वांस कळलें. अखेर दादाच म्हणाले, "त्याला कारण लागूं नये, असें कर. दर वर्षीं महिनाभर इकडे आण. येथल्या ऊन-पावसांत थोडा मुरूं दे."

पुतण्यानें बाटली परत नेली. दादांचें म्हणणें त्यास पुरतें पटलें कीं नाहीं, तें मी सांगूं शकत नाहीं. सांठवणाऱ्याच्या मनांत बहुधा प्रेमच असतें. पण वस्तु बंद करून ठेवली म्हणजे प्रेमही टिकतें, अशी समजूत त्यानें करून घेऊं नये. जें मुरतें, तें कांहींतरी गमावीत मुरतें. आपला वेळ दिल्यावांचून माणसें आपलीं होत नाहींत.

येत्या मे महिन्यांत नातू येणार आहे. वहिनींनीं शिसवी कपाटाचा एक कप्पा त्याच्या झबल्यांसाठीं रिकामा केला आहे.